आयझेनाख आणि कॉव्हेंट्री : महायुद्धपूर्व काळातील दोन रोडस्टर

दोन महायुद्धांच्या दरम्यान युरोपात ‘रोडस्टर’ म्हणून ओळखली जाणारी गाडी, म्हणजे दोघांपुरती, वरून उघडी, फार तर कापडी छपराची आणि मुख्यतः वेगाच्या आनंदासाठी बांधलेली मोटार, दीर्घकाळ मूठभर धनिकांचीच मिरास राहिली. १९३० च्या दशकाच्या आरंभी मिलानच्या आल्फा रोमिओ कंपनीची ८सी २३०० आणि आल्सासमधील मोल्सहाइमच्या बुगाटी कारखान्याची टाइप ५५ या गाड्या या वर्गाचे मानदंड मानल्या जात. दोन्ही थेट शर्यतीच्या परंपरेतून रस्त्यावर आल्या होत्या. आठ सिलिंडरच्या त्यांच्या इंजिनांना सुपरचार्जर, म्हणजे हवा दाबाने सिलिंडरमध्ये ढकलणारा पंप, जोडलेला असे आणि त्यांची किंमत, देखभाल व नाजूकपणा हे सारे शर्यतीच्या गाडीलाच साजेसे होते. या पार्श्वभूमीवर १९३६ च्या सुमारास दोन नव्या गाड्या लोकांसमोर आल्या : जर्मनीतील आयझेनाख येथे बनणारी बीएमडब्ल्यू ३२८ आणि इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे बनणारी एसएस जग्वार १००. दोहोंमध्ये सुपरचार्जर नव्हता, आठ सिलिंडर नव्हते आणि दोहोंची इंजिने त्या त्या कंपनीच्या कुटुंबवत्सल सलून गाडीतून, म्हणजे चार दरवाजांच्या बंद प्रवासी गाडीतून, घेतलेली होती.

या दोन गाड्यांची तुलना बहुतेक वेळा कमाल वेगाच्या आकड्यांपाशी येऊन थांबते आणि त्यामुळे तिचे खरे महत्त्व हातचे निसटते. दोन्ही कारखान्यांपुढे मूलतः एकच प्रश्न होता, तो असा की नवे इंजिन घडवण्याइतका पैसा आणि वेळ हाताशी नसताना, रोजच्या गाडीच्या साध्या इंजिनातून खरीखुरी क्रीडामोटार कशी उभी करावी. या प्रश्नाचे उत्तर आयझेनाखने यंत्ररचनेत शोधले, तर कॉव्हेंट्रीने किमतीत आणि रूपात. दोन्ही उत्तरे आपापल्या जागी समर्थ होती. परंतु पुढच्या बारा वर्षांत जे घडले त्यावरून असे दिसते, की या स्पर्धेचा निकाल कोणत्याही एका शर्यतीत लागला नाही, तर एका बाजूची विद्या दुसऱ्या बाजूने आत्मसात केली तेव्हा लागला.

दोन्ही कंपन्यांच्या मोटारींची सुरुवात एकाच छोट्या ब्रिटिश गाडीपासून झाली, हा योगायोग बोलका आहे. म्युनिकची बीएमडब्ल्यू ही मुळात विमानांची इंजिने बनवणारी कंपनी. पहिल्या महायुद्धानंतर तिने १९२३ मध्ये मोटारसायकली बनवायला घेतल्या आणि १९२८ मध्ये थुरिंगिया प्रांतातील आयझेनाख येथला जुना मोटार कारखाना विकत घेतला. या कारखान्यात त्या वेळी ‘डिक्सी’ नावाने ऑस्टिन सेव्हन ही इंग्लिश गाडी परवान्याखाली बनत असे. म्हणजे बीएमडब्ल्यूचे बोधचिन्ह लावलेली पहिली मोटार ही मूळची ऑस्टिनच होती. इकडे इंग्लंडमध्ये विल्यम लायन्स आणि विल्यम वॉम्झली या दोघांनी १९२२ मध्ये ब्लॅकपूल या समुद्रकाठच्या गावी मोटारसायकलला जोडायच्या साइडकारचा धंदा ‘स्वॅलो’ या नावाने सुरू केला आणि १९२७ मध्ये त्याच ऑस्टिन सेव्हनच्या सांगाड्यावर आपली देखणी बॉडी बसवून ती गाडी विकायला काढली. एकाने ऑस्टिनचे यंत्र परवान्याने हाती घेतले आणि दुसऱ्याने ऑस्टिनच्या यंत्राला नवे कपडे चढवले. पुढे दोघांचे जे वेगळे स्वभाव दिसले, त्यांची चुणूक या प्रारंभातच आहे.

दोन्ही देशांतील करपद्धतीनेही या गाड्यांच्या घडणीवर परिणाम केला. ब्रिटनमध्ये मोटारीवरील वार्षिक कर ‘अश्वशक्ती’नुसार आकारला जाई, परंतु ही अश्वशक्ती प्रत्यक्ष मोजलेली नसे. सिलिंडरच्या व्यासाचा वर्ग आणि सिलिंडरांची संख्या एवढ्यावरून ती एका सूत्राने काढली जाई आणि पिस्टन वरखाली किती अंतर सरकतो याचा, म्हणजे स्ट्रोकचा, त्या सूत्रात विचारच नसे. परिणामी इंग्लिश इंजिने अरुंद आणि उंच सिलिंडरची झाली, कारण तोच कर भरून अधिक घनक्षमता मिळवण्याचा तो एकमेव मार्ग होता. जर्मनीत १९३३ मध्ये सत्तेवर आलेल्या नाझी राजवटीने नव्या प्रवासी मोटारींवरील कर रद्द केला, महामार्गांचे जाळे विणायला घेतले आणि मोटारशर्यतींना राष्ट्रीय प्रतिष्ठेचा विषय बनवले. मे १९३५ मध्ये फ्रँकफर्ट ते डार्मश्टाट हा ‘आउटोबान’चा, म्हणजे केवळ वेगवान मोटारींसाठी बांधलेल्या महामार्गाचा, पहिला टप्पा खुला झाला आणि तासन्‌तास भरधाव चालू शकणाऱ्या हलक्या, काटक गाडीची गरज तिथे केवळ कल्पनेत राहिली नव्हती.

आयझेनाखच्या गाडीचा वंश १९३३ च्या बीएमडब्ल्यू ३०३ पासून सुरू होतो. फ्रिट्झ फीडलर या अभियंत्याच्या देखरेखीखाली तयार झालेल्या या गाडीत सहा सिलिंडरचे छोटे इंजिन होते, सांगाडा पोलादी नळ्यांचा होता आणि पुढच्या बाजूला पुढे कंपनीची खूण ठरलेली, दोन मूत्रपिंडांच्या आकाराची जाळी प्रथमच दिसली. त्याच घराण्यातील ३१५/१ ही दीड लिटरची रोडस्टर १९३४ च्या आल्पाइन ट्रायलमध्ये, म्हणजे आल्प्स पर्वतातील घाट ठरलेल्या वेळेत पार करण्याच्या कठीण स्पर्धेत, आपल्या वर्गात विजयी ठरली. तिने मागे टाकलेल्या गाड्यांत इंग्लंडच्या फ्रेझर नॅश या नामांकित क्रीडामोटारीही होत्या. फ्रेझर नॅशचे चालक-मालक एच. जे. ऑल्डिंग्टन यांनी हा पराभव डोळ्यांनी पाहिला आणि त्याचा कडवटपणा मनात न धरता बीएमडब्ल्यूशी बोलणी करून तिच्या गाड्या ब्रिटनमध्ये आणण्याचे हक्क मिळवले. लंडनच्या पश्चिमेला आयझलवर्थ येथे असलेल्या त्यांच्या कंपनीमार्फत त्या ‘फ्रेझर नॅश-बीएमडब्ल्यू’ या जोडनावाने विकल्या जाऊ लागल्या. आयझेनाख आणि कॉव्हेंट्री एकाच बाजारात समोरासमोर येण्याची वाट अशी मोकळी झाली.

१९३६ च्या आरंभी बीएमडब्ल्यूने ३२६ ही प्रशस्त सलून गाडी बाजारात आणली. तिचे सहा सिलिंडरचे इंजिन १,९७१ घनसेंटिमीटर क्षमतेचे असून सुमारे ५० अश्वशक्ती देई. क्रीडामोटारीसाठी यापेक्षा पुष्कळ अधिक शक्ती हवी होती, पण पूर्णतः नवे इंजिन परवडणारे नव्हते. तेव्हा इंजिन विभागाचे रुडॉल्फ श्लायखर यांनी खालचा ठोकळा, म्हणजे सिलिंडर आणि क्रँकशाफ्ट ज्यात बसतात तो भाग, मूलतः तसाच ठेवून फक्त सिलिंडर हेड नव्याने घडवले. सिलिंडर हेड हे सिलिंडरवर झाकणासारखे बसते. इंधनमिश्रित हवा आत घेणारे आणि जळालेला वायू बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह त्यातच असतात. इंजिन किती मोकळा श्वास घेते हे बहुतांशी या हेडवर अवलंबून असते आणि म्हणूनच श्लायखर यांच्या निर्णयाला इतके महत्त्व आहे.

ज्वलनकक्षाचा आदर्श आकार अर्धगोलाचा असतो, हे अभियंत्यांना त्याआधीही ठाऊक होते. असा घुमटाकार कक्ष असेल तर आत येणारा आणि बाहेर जाणारा व्हॉल्व्ह परस्परांपासून दूर कलवून, समोरासमोर बसवता येतात, दोन्ही मोठे करता येतात आणि हवेला एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघण्याची सरळ वाट मिळते. अडचण अशी, की समोरासमोर कललेल्या दोन रांगांमधले व्हॉल्व्ह उघडण्यासाठी सामान्यतः हेडवर दोन कॅमशाफ्ट लागत. कॅमशाफ्ट म्हणजे उंचवटे असलेला तो फिरता दांडा, जो ठरलेल्या क्षणी व्हॉल्व्ह दाबतो. आल्फा आणि बुगाटीमध्ये असे दोन कॅमशाफ्ट होते, पण त्यांचा खर्च मोठा होता. सलून गाडीच्या इंजिनात एकच कॅमशाफ्ट होता आणि तोही खाली ठोकळ्याच्या एका कुशीत. श्लायखर यांनी त्याला हात लावला नाही. त्यांनी आत घेणारे व्हॉल्व्ह नेहमीप्रमाणे पुशरॉड आणि रॉकर, म्हणजे वर ढकलणारी कांडी आणि तिच्या टोकाशी डुलणारी तरफ, यांच्या साहाय्याने उघडले. पलीकडच्या बाजूच्या व्हॉल्व्हसाठी मात्र दुसरी पुशरॉड वर आणून एका तरफेने तिची चाल आडवी वळवली, हेडच्या रुंदीभर एक छोटी आडवी कांडी टाकली आणि तिच्या टोकाशी आणखी एक रॉकर बसवून तो व्हॉल्व्ह दाबला. वरून पाहणाऱ्याला दोन स्वतंत्र झाकणे दिसत आणि त्यांखाली दोन कॅमशाफ्ट असावेत असेच वाटे. या दोन झाकणांमधून हवेचे मार्ग जवळजवळ उभे खाली उतरत आणि त्यांच्यावर तीन सोलेक्स कार्ब्युरेटर एका ओळीत बसत. हलक्या मिश्रधातूच्या या एका हेडने तेच इंजिन दर मिनिटाला ५,००० फेऱ्यांवर ८० अश्वशक्ती देऊ लागले.

बाकीची गाडीही याच शिस्तीने घडली. नळ्यांचा सांगाडा हलका आणि ताठ होता, पुढची चाके एकमेकांपासून स्वतंत्रपणे वरखाली होत, स्टिअरिंग दातेरी पट्टीचे आणि अचूक होते, ब्रेक तेलाच्या दाबावर चालणारे होते आणि सज्ज गाडीचे वजन सुमारे ८३० किलो होते. दिवे मडगार्ड आणि बॉनेट यांच्या मधल्या खोबणीत मुरवलेले होते, बॉनेटवर चामडी पट्टे आवळलेले होते आणि मागच्या उतारावर सुटे चाक अर्धे रुतून बसलेले होते; त्या काळच्या मानाने हा आकार वाऱ्याला फारच कमी अडणारा होता. १४ जून १९३६ रोजी नुर्बुर्गरिंग येथील आयफेल शर्यतीत ही गाडी प्रथमच लोकांसमोर आली. मोटारसायकलवरील वेगाच्या जागतिक विक्रमांमुळे प्रसिद्ध असलेल्या एर्न्स्ट हेने याने तिच्यावर दोन लिटरच्या वर्गात ताशी १०१ किलोमीटरहून अधिक सरासरीने विजय मिळवला. पहिल्याच शर्यतीत पहिला क्रमांक मिळवणाऱ्या गाड्या मोटारींच्या इतिहासात विरळाच. ग्राहकांच्या हाती ती १९३७ पासून पडू लागली. जर्मनीतील तिची किंमत ७,४०० मार्क होती आणि १९४० पर्यंत अवघ्या ४६४ गाड्या बनल्या.

कॉव्हेंट्रीची कहाणी निराळ्या दिशेने निघते. लायन्स हे अभियंते नव्हते; त्यांची नजर आकाराची होती आणि डोके हिशेबाचे होते. ब्लॅकपूलहून १९२८ मध्ये कॉव्हेंट्रीला स्थलांतर केल्यावर त्यांनी स्टँडर्ड मोटर कंपनीकडून सांगाडे आणि इंजिने घेऊन १९३१ मध्ये ‘एसएस वन’ ही स्वतःच्या नावाची पहिली गाडी आणली. लांबलचक बॉनेट आणि बसके छप्पर यांमुळे ती प्रत्यक्षात होती त्याहून कितीतरी महाग भासे. मात्र चालण्यात ती दिसण्याइतकी चपळ नव्हती, ही टीकाही तिच्यामागे कायम राहिली. लायन्स यांनी या टीकेचे उत्तर १९३५ मध्ये दिले. त्या वर्षी कंपनी शेअर बाजारात आली, वॉम्झली बाहेर पडले, विल्यम हेन्स मुख्य अभियंता म्हणून रुजू झाले आणि वायुप्रवाहाचे तज्ज्ञ हॅरी वेस्लेक यांच्यावर इंजिन सुधारण्याचे काम सोपवण्यात आले.

वेस्लेक यांनीही सिलिंडर हेडच बदलले, ही गोष्ट मुद्दाम लक्षात घ्यायला हवी. स्टँडर्डचे २,६६३ घनसेंटिमीटरचे, सहा सिलिंडरचे इंजिन ‘साइड व्हॉल्व्ह’ पद्धतीचे होते. म्हणजे त्याचे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी, ठोकळ्यातच उभे होते आणि हवेला वळणे घेत आत शिरावे लागे. वेस्लेक यांनी व्हॉल्व्ह सिलिंडरच्या वर, नव्या हेडमध्ये नेले, हवेचे मार्ग मोकळे केले आणि जेमतेम ७० अश्वशक्तीच्या आसपास असलेले इंजिन शंभरीपार नेले. त्यांनी व्हॉल्व्ह एकाच रांगेत उभे ठेवले, त्यामुळे अर्धगोल कक्ष आणि आडव्या कांड्या यांची गरज पडली नाही. यांत्रिक चातुर्याच्या दृष्टीने हा उपाय श्लायखर यांच्या मानाने साधा होता. परंतु इंजिनाची क्षमता सुमारे सातशे घनसेंटिमीटरने अधिक असल्यामुळे इतक्या साधेपणातही हवी ती शक्ती मिळत होती आणि स्टँडर्डचा कारखाना हे इंजिन मोठ्या संख्येने, स्वस्तात बनवून देऊ शकत होता.

सप्टेंबर १९३५ मध्ये लंडनच्या मेफेअर हॉटेलात नवी सलून गाडी ‘जग्वार’ या नव्या नावासह दाखवण्यात आली, तेव्हा जमलेल्या विक्रेत्यांना आणि पत्रकारांना तिच्या किमतीचा अंदाज लिहून द्यायला सांगण्यात आले. अंदाजांची सरासरी ६३२ पौंड निघाली. प्रत्यक्ष किंमत ३८५ पौंड होती. लायन्स यांची सारी कर्तबगारी या दोन आकड्यांमधल्या अंतरात सामावलेली आहे. तेच इंजिन आखूड केलेल्या सांगाड्यावर चढवून एसएस जग्वार १०० ही रोडस्टर तयार झाली आणि तिची किंमत ३९५ पौंड ठेवण्यात आली. भलेमोठे ल्युकास दिवे, त्यांच्या मागून लांबवर वाहत गेलेली मडगार्डे, घडी घालून पुढे पाडता येणारी काच आणि मागे उभ्या पेट्रोलच्या टाकीला टेकलेले सुटे चाक, असे तिचे रूप आजही युद्धपूर्व क्रीडामोटारीची प्रतिमा म्हणून डोळ्यांसमोर येते. लाकडी चौकटीवर धातूचे पत्रे ठोकून बॉडी बांधण्याची जुनी रीतच तिच्यात वापरलेली होती. पुढची दोन्ही चाके एकाच सलग आसावर आणि कमानपाट्यांवर बसत, त्यामुळे एक चाक खड्ड्यात गेले की दुसऱ्यालाही त्याचा हिसका बसे. ब्रेकही तेलाच्या दाबावर नव्हे, तर कांड्या ओढून चालत. नावातील १०० हा आकडा ताशी १०० मैल, म्हणजे सुमारे १६१ किलोमीटर, या वेगाचे आश्वासन देत होता. पहिल्या अडीच लिटरच्या गाडीला तो थोडक्यात हुकला, पण १९३७ च्या अखेरीस ३,४८५ घनसेंटिमीटरचे, १२५ अश्वशक्तीचे इंजिन बसल्यावर ४४५ पौंडांच्या गाडीने ते आश्वासन पाळले आणि उभ्या अवस्थेतून ताशी ६० मैलांचा वेग तिने साडेदहा सेकंदांच्या आसपास गाठला. दोन्ही इंजिनांच्या मिळून या गाड्या तीनशेच्या थोड्या वर बनल्या.

ब्रिटिश ग्राहकापुढे दोन्ही गाड्या शेजारी उभ्या राहिल्या, तेव्हा निवड सोपी नव्हती. फ्रेझर नॅश-बीएमडब्ल्यू ३२८ साठी ६९५ पौंड मोजावे लागत, म्हणजे साडेतीन लिटरच्या जग्वारपेक्षा तब्बल २५० पौंड अधिक, आणि एवढे देऊन मिळे ते दोनच लिटरचे इंजिन. सरळ रस्त्यावर, गाडी जागेवरून उसळी मारून निघते तेव्हा जग्वार वरचढ होती. रस्ता वळू लागला, खडबडीत झाला किंवा प्रवास लांबला, की हलक्या वजनाची, स्वतंत्र चाकांची आणि भरवशाच्या ब्रेकची ३२८ पुढे जाई आणि तिचा चालक कमी दमलेला असे. म्हणून त्यांची तुलना अश्वशक्तीच्या आकड्यांवर करणे अपुरे ठरते. दर किलो वजनामागे मिळणारी शक्ती दोन्ही गाड्यांत जवळजवळ सारखी होती. ती शक्ती रस्त्यापर्यंत कशी पोचते, यातच खरा फरक होता.

स्पर्धांमध्येही दोघींनी आपापली क्षेत्रे वाटून घेतल्यासारखे दिसते. सप्टेंबर १९३६ मध्ये उत्तर आयर्लंडमधील आर्ड्स येथे झालेल्या टूरिस्ट ट्रॉफी शर्यतीत सयामचा राजपुत्र बिरा, ए. एफ. पी. फेन आणि स्वतः ऑल्डिंग्टन यांनी चालवलेल्या तीन ३२८ गाड्यांनी आपल्या वर्गातील पहिले तिन्ही क्रमांक घेतले. पुढच्या वर्षी ब्रुकलँड्सच्या मैदानावर पत्रकार-चालक एस. सी. एच. डेव्हिस यांनी ३२८ मध्ये एका तासात १०० मैलांहून अधिक अंतर कापले. १९३८ च्या मिल्ले मिलिया या इटलीच्या सार्वजनिक रस्त्यांवरील हजार मैलांच्या शर्यतीत आणि १९३९ च्या ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीत तिने आपला वर्ग जिंकला. ल मां येथे तर मिलानच्या तूरिंग कंपनीने बांधलेली बंद बॉडीची ३२८ सर्व गाड्यांत पाचवी आली. जग्वारचे यश मुख्यतः रॅलींमध्ये, म्हणजे घाट, वेळापत्रक आणि सफाईदार चालवणे यांची एकत्र परीक्षा घेणाऱ्या स्पर्धांमध्ये होते. १९३६ च्या आल्पाइन ट्रायलमध्ये टॉमी विझ्डम आणि त्यांच्या पत्नी एल्सी विझ्डम या जोडप्याने बीडब्ल्यूके ७७ या क्रमांकाच्या गाडीतून वैयक्तिक कामगिरीत सर्वोत्तम स्थान मिळवले, तर ब्रिटनच्या आरएसी रॅलीत १९३७ आणि १९३८ अशी सलग दोन वर्षे जॅक हॅरप यांनी एसएस १०० ला विजयी केले. जी गाडी केवळ दिखाऊ म्हणून हिणवली जात होती, तिने टीकाकारांना असे घाटाघाटांत उत्तर दिले.

या यशाचे कौतुक करताना काळाची छाया नजरेआड करता येत नाही. जर्मनीतील मोटारशर्यती एनएसकेके या नाझी पक्षाच्या मोटार दलाच्या ताब्यात होत्या आणि ३२८ च्या प्रत्येक विजयाचा प्रचारासाठी वापर झाला. २८ एप्रिल १९४० रोजी, पोलंड आणि डेन्मार्क पादाक्रांत झालेले आणि नॉर्वेवर आक्रमण सुरू असताना, ब्रेशा, क्रेमोना आणि मान्तोव्हा यांच्या त्रिकोणात झालेल्या मिल्ले मिलियात हुश्के फॉन हान्श्टाइन आणि वाल्टर बॉयमर यांनी ३२८ च्या बंद बॉडीच्या गाडीतून ताशी १६६ किलोमीटरहून अधिक सरासरीने विजय मिळवला. तिसरा, पाचवा आणि सहावा क्रमांकही ३२८ गाड्यांचाच होता. फॉन हान्श्टाइनच्या पोशाखावर एसएस या हिटलरच्या निमलष्करी दलाचे चिन्ह होते. बीएमडब्ल्यू तोवर प्रामुख्याने विमान-इंजिनांची कंपनी झाली होती आणि युद्धकाळात तिच्या कारखान्यांत सक्तीने आणलेले मजूर व छळछावण्यांतील कैदी राबवले गेले. या गाडीच्या अभियांत्रिकीचे मोठेपण हे वास्तव नाकारून सांगणे इतिहासाशी प्रामाणिक ठरणार नाही. इकडे कॉव्हेंट्रीलाही युद्धाने सोडले नाही. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्रीच्या बॉम्बवर्षावात त्या शहराचा मध्यभाग जळून गेला. हिटलरच्या त्या दलामुळे ‘एसएस’ ही अक्षरे इंग्रजांना असह्य झाली आणि १९४५ च्या प्रारंभी लायन्स यांच्या कंपनीने ती सोडून ‘जग्वार कार्स’ हे नाव धारण केले.

युद्धानंतर दोन्ही वारशांची फेरवाटणी झाली. आयझेनाख सोव्हिएत ताब्यात गेले आणि म्युनिकच्या मूळ कंपनीकडे मोटारीचा कारखानाच उरला नाही. ऑल्डिंग्टन यांनी १९४० च्या मिल्ले मिलियात धावलेली एक उघडी ३२८ ब्रिटनमध्ये आणली. त्यांच्या पुढाकाराने ब्रिस्टल एअरोप्लेन कंपनीला ३२८ च्या इंजिनाची रेखाटने मिळाली आणि फ्रिट्झ फीडलर यांचा सल्लाही लाभला. १९४७ च्या ब्रिस्टल ४०० या गाडीत श्लायखर यांचे आडव्या कांड्यांचे हेड इंग्लिश कारागिरीत अवतरले. तेच इंजिन पुढे फ्रेझर नॅश, एसी एस आणि कूपर-ब्रिस्टल यांच्यात बसले आणि कूपर-ब्रिस्टल चालवत तरुण माइक हॉथॉर्न यांनी १९५२ च्या ब्रिटिश ग्रांप्रीत तिसरा क्रमांक मिळवला.

स्वतः जग्वारने या हेडकडे कसे पाहिले, हा या इतिहासाचा सर्वांत अर्थपूर्ण भाग आहे. युद्धकाळात कारखान्याच्या छपरावर बॉम्बमुळे लागणाऱ्या आगींवर पहारा देताना लायन्स, हेन्स आणि त्यांचे सहकारी वॉल्टर हॅसन व क्लॉड बेली युद्धोत्तर इंजिनाची आखणी करत. त्यांनी बनवलेल्या प्रायोगिक इंजिनांपैकी ‘एक्सजी’ या इंजिनात १,७७६ घनसेंटिमीटरचा चार सिलिंडरचा जुना ठोकळा घेऊन त्यावर ३२८ च्याच पद्धतीचे, आडव्या पुशरॉडचे हेड बसवले होते. ज्या गाडीशी युद्धापूर्वी बाजारात टक्कर घेतली, तिच्या रचनेला मिळालेली ही सर्वांत स्पष्ट दाद होय. चाचण्यांमध्ये त्या इंजिनाने अर्धगोल कक्षाचे लाभ सिद्ध केले, परंतु इतक्या कांड्या आणि तरफांचा खडखडाट शांत, आलिशान सलून गाडीला शोभणारा नव्हता. तेव्हा हेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अर्धगोल कक्ष ठेवला, कांड्या काढून टाकल्या आणि आल्फा-बुगाटीप्रमाणे दोन कॅमशाफ्ट थेट हेडवर चढवले. वेस्लेक यांनी हवेचे मार्ग घडवले आणि लायन्स यांनी असे इंजिन श्रीमंतांपुरते न राहता मोठ्या संख्येने बनेल याची तजवीज केली. अशा रीतीने ३,४४२ घनसेंटिमीटरचे, १६० अश्वशक्तीचे ‘एक्सके’ इंजिन जन्माला आले.

१९४८ साल हे या दोन कालखंडांचे सांधे दाखवणारे वर्ष ठरते. त्या वर्षी इयन ॲपलयार्ड यांनी एसएस १०० घेऊन आल्पाइन रॅलीत एकही दंडगुण न घेता चषक मिळवला, म्हणजे बारा वर्षांपूर्वीची रचना अजून जिंकत होती. आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात नवे इंजिन घेऊन जग्वार एक्सके १२० ही रोडस्टर अवतरली. तिची एकसंध, वाहती बॉडी आणि १९४० ची मिल्ले मिलियातील उघडी ३२८ यांच्यातील साम्य अनेक अभ्यासकांनी नोंदवले आहे. एसएस १०० चे सुटे मडगार्ड आणि उभे दिवे एका फटक्यात मागे पडले होते. एक्सके इंजिन पुढे १९९२ पर्यंत बनत राहिले, त्याने ल मां येथे पाच विजय मिळवून दिले आणि त्यांपैकी १९५५ च्या, भीषण अपघाताने काळवंडलेल्या विजयात चक्राशी होते ते हॉथॉर्नच, ज्यांचे नाव ब्रिस्टलमध्ये पुनर्जन्म पावलेल्या बीएमडब्ल्यूच्या इंजिनाने प्रथम गाजवले होते.

या सगळ्या घटनाक्रमातून तुलनेचा निष्कर्ष बराच स्पष्ट होतो. निव्वळ यंत्र म्हणून पाहिले तर बीएमडब्ल्यू ३२८ ही निःसंशय श्रेष्ठ गाडी होती; हलका सांगाडा, स्वतंत्र चाके, तेलाच्या दाबाचे ब्रेक आणि मोकळा श्वास घेणारे छोटे इंजिन यांचा जो मेळ तिने १९३६ मध्ये घातला, त्याच वाटेने युद्धोत्तर क्रीडामोटार चालली. एसएस १०० अभियांत्रिकीत एका पिढीने मागे होती, पण क्रीडामोटार सामान्य व्यावसायिक माणसाच्या आवाक्यात आणता येते हे तिने दाखवले आणि तो धडा ३२८ मध्ये नव्हता. एकीला उत्तम कसे बनवावे हे कळले होते, दुसरीला उत्तम भासणारी गाडी अधिक लोकांपर्यंत कशी पोचवावी हे कळले होते. हे दोन गुण एकाच गाडीत प्रथम एकवटले ते एक्सके १२० मध्ये, आणि ते घडू शकले याचे कारण कॉव्हेंट्रीच्या अभियंत्यांनी प्रतिस्पर्ध्याची गाडी तिच्या देशाच्या राजवटीपासून वेगळी काढून, तिच्या हेडखाली काय आहे ते नीट पाहण्याची आणि त्यातून शिकण्याची तयारी ठेवली.